सव्वा महिन्याच्या आतील एक कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात दोन शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. विद्वत्तेचा अधिकार आम्हांपाशी नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही प्राथमिक शाळेत शिरलो आणि मुलांकडून अक्षरे गिरवून घेता घेता सेवानिवृत्त झालो. वैद्यकशास्त्र हा तर आमचा प्रांतच नव्हे. तथापि आज जो विषय आम्ही योजिला आहे, त्याचा पहिला धडा आम्हांस आमच्याच घरात आणि आमच्याच चुकीतून मिळाला. पुढे जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून आम्ही त्यात भर घातली. ही चूक आपल्यापैकी आणखी कोणा घरी होऊ नये, एवढ्याच हेतूने आज येथे उभे आहोत.

विषय आहे अकाली जन्मलेल्या बालकांच्या डोळ्यांचा.

इसवी सन २०१६ मधील गोष्ट. आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस भरण्यास नऊ आठवडे अवकाश असता, म्हणजे ३१ व्या आठवड्यातच, ती प्रसूत झाली. मुलीचे वजन १३५० ग्रॅम भरले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात त्या चिमुकल्या जिवास काचेच्या पेटीत ठेवण्यात आले, प्राणवायू देण्यात आला. चोवीस दिवस आम्ही त्या काचेबाहेर उभे राहून काढले. पंचविसाव्या दिवशी नातीस घरी आणले, तेव्हा आमच्या वडील भगिनींनी उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि संकट टळले असे समजून आम्ही निश्वास सोडला.

रुग्णालयाने दिलेल्या कागदावर शेवटच्या ओळीत नेत्रतपासणीसाठी तारीख लिहिलेली होती. ती चार दिवसांनंतरची होती. आम्ही ती ओळ वाचली आणि कागदाची घडी घालून कपाटात ठेवली. मुलीचे डोळे टपोरे होते. दिव्याकडे ती टकमक पाहते असे घरातील सर्वांचे मत पडले. अशा मुलीच्या डोळ्यांत काय तपासावयाचे? शिवाय आमच्या भगिनींनी निक्षून सांगितले की, सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीने व बाळाने उंबरठा ओलांडू नये. घरातील कर्ता पुरुष म्हणून निर्णय आम्हांवर आला. आम्ही म्हटले, “पंधरा दिवसांनी पाहू.”

कन्येचे मन मानेना, परंतु ती आमच्या शब्दापुढे गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी सायंकाळी रुग्णालयातील परिचारिकेचा दूरध्वनी आला. ती आमचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. आमचा पंधरा दिवसांचा बेत ऐकून ती म्हणाली, “गुरुजी, वहीचे शेवटचे पान न पाहता तुम्ही आम्हांला कधी गुण दिलेत का? मग या कागदाची शेवटची ओळ का सोडता?” या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून आम्ही शहरातील नेत्ररुग्णालयात गेलो. मुलीच्या जन्माचा तो २९ वा दिवस होता. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, दोन्ही डोळ्यांत विकार उद्भवला आहे आणि दोन दिवसांच्या आत उपचार झालाच पाहिजे. आम्ही भीत भीत विचारले, “पंधरा दिवसांनी आलो असतो तर?” ते म्हणाले, “तेव्हा बहुधा आमच्या हाती काही उरले नसते.”

बंधुभगिनींनो, बाहेरच्या बाकावर येऊन बसलो, तेव्हा आमचे पाय कापत होते. त्याच बाकावर आम्हांस एक जुनी आठवण झाली. २००८ सालच्या जून महिन्यात एक आजीबाई सात वर्षांच्या आंधळ्या नातीस घेऊन आमच्या शाळेत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मुलगी सातमाशी झाली, महिनाभर पेटीत होती. देवाने जीव दिला, पण डोळे ठेवून घेतले.” आम्ही त्यांचे सांत्वन केले, आणि पुढे खटपट करून मुलीस अंधांच्या निवासी शाळेत पाठविले. ती मुलगी बुद्धीने तल्लख होती, एकदा ऐकलेला पाढा ती विसरत नसे. तिच्या बाबतीत नेमके काय घडले हे आज कोणीही सांगू शकणार नाही. परंतु देवाच्या माथी मारलेला तो दोष कदाचित एका न झालेल्या तपासणीचा असेल, हा विचार त्या दिवसापासून आमची पाठ सोडीत नाही.

आता हा विकार काय आहे ते थोडक्यात पाहू. इंग्रजीत त्यास ‘रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी’ म्हणतात, आणि डॉक्टरमंडळी ‘आर. ओ. पी.’ अशा आद्याक्षरांनी त्याचा उल्लेख करतात. आपल्या डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा अतिशय नाजूक पडदा असतो. बाहेरील वस्तूचे चित्र त्यावर उमटते. या पडद्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून मध्यभागाकडून कडांकडे वाढू लागतात आणि दिवस पूर्ण भरण्याच्या सुमारास कडेपर्यंत पोचतात. शेतात पाट सोडला असता पाणी सरीसरीने पुढे जात बांधापर्यंत पोचते, तसेच हे आहे. मूल अकाली जन्मास आले म्हणजे पाट मध्येच अडतो आणि कडेचा भाग कोरडा राहतो. काही आठवड्यांनी तो कोरडा भाग रक्ताची मागणी करू लागतो. तेव्हा भलत्याच ठिकाणी, भलत्याच प्रकारच्या दुबळ्या वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो, व्रण धरतो, आणि तो व्रण आकसला की दृष्टिपटल आपल्या जागेवरून ओढले जाऊन सुटते. ते पूर्णपणे सुटले म्हणजे शस्त्रक्रियेनेही उपयोगी पडेल अशी दृष्टी क्वचितच परत येते.

ही सारी घडामोड डोळ्याच्या आत चालते. बाहेरून डोळा स्वच्छ व पाणीदार दिसतो. मूल रडत नाही, डोळा लाल होत नाही, त्यातून पू येत नाही. बाहुलीत पांढरट झाक दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आईच्या मायेस किंवा आजीच्या अनुभवास हा विकार ओळखता येत नाही. तो ओळखण्यास त्या विषयात तयार झालेला नेत्रतज्ज्ञच पाहिजे.

या विकाराचा इतिहास बोधप्रद आहे. १९४२ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बालकांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरा पडदा आढळल्याचे प्रथम नमूद केले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे १०,००० बालके या विकाराने अंध झाली. त्यांतील बहुतेक बालके संपन्न देशांतील आणि उत्तम रुग्णालयांतील होती, हे विशेष. १९५० साली अकाली जन्मलेले अमेरिकेतील विख्यात गायक स्टीव्ही वंडर हे त्याच पिढीतील होत. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले. पुढे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या अभ्यासाने त्या संशयास पुष्टी मिळाली. बालकांचा जीव वाचावा म्हणून सढळ हाताने दिलेला प्राणवायूच त्यांच्या डोळ्यांस बाधला होता.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की, आपल्या बाळास प्राणवायू देऊ नका असे डॉक्टरांस सांगावे. तसे करणे घातक होय. त्या अभ्यासानंतर काही वर्षे प्राणवायू फारच हात आखडून देण्यात आला, तेव्हा कित्येक बालके दगावली आणि कित्येकांच्या मेंदूस इजा पोचली. आज बालकाच्या पायास वा हातास यंत्र लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सतत मोजतात आणि ते साधारणपणे ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करतात. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधास मात्रा असते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय उत्तम काळजी घेऊनही हा विकार काही बालकांस होतोच. म्हणून तपासणीस पर्याय नाही.

आपल्या देशात हा प्रश्न आज का वाढला आहे? उत्तर एका परीने आनंदाचे आहे. पूर्वी दीड किलोचे मूल बहुधा वाचत नसे. आता जिल्ह्या-जिल्ह्यात नवजात बालकांचे विशेष कक्ष झाले आणि अशी बालके जगू लागली. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके अकाली जन्मली, असा जागतिक अभ्यासकांचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांत हा विकार प्रामुख्याने अगदी लहान बालकांत आढळतो. म्हणून अमेरिकेत ३० आठवडे वा त्याहून कमी, किंवा १५०० ग्रॅम वा त्याहून कमी, अशा बालकांची तपासणी सरसकट करतात. आपल्याकडे त्याहून वजनदार बालकांतही तो दिसतो, म्हणून आपली मर्यादा अधिक रुंद ठेवलेली आहे.

ती मर्यादा येथील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. जन्मतः वजन दोन किलो किंवा त्याहून कमी असेल, अथवा जन्म ३४ आठवड्यांपूर्वी झाला असेल, तर तपासणी झालीच पाहिजे. जन्म ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान झाला, परंतु बाळास दीर्घकाळ प्राणवायू द्यावा लागला, जंतुसंसर्ग झाला, रक्त द्यावे लागले किंवा अन्य गंभीर दुखणे झाले, तर त्याचीही तपासणी करावी. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी. मूल २८ आठवड्यांच्या आतील किंवा १२०० ग्रॅमहून हलके असेल, तर ती त्याहूनही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच करावी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. सुभद्रा जलाली यांनी ‘तीस दिन रोशनी के’ ही हिंदी घोषणा याचसाठी रूढ केली.

आता सव्वा महिन्याची आपली रीत घ्या. या रीतीस आम्ही नावे ठेवीत नाही. बाळंतिणीस विश्रांती मिळावी, कोवळ्या जिवास बाहेरचा वारा व माणसांचा संसर्ग लागू नये, हा तिचा हेतू शहाणपणाचा आहे. परंतु सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस दिवस, आणि तपासणीची मुदत तीस दिवसांची. तीस गेल्यावर आपण उंबरठा ओलांडतो. ज्या काळी ही रीत पडली त्या काळी अशी बालके जगतच नव्हती, म्हणून तिच्यात या तपासणीची सोय नाही. ती सोय आता आपण करावयाची आहे. बाळास उबदार गुंडाळून, आईने छातीशी धरून, डॉक्टरांकडे नेऊन परत आणले म्हणजे रीत मोडत नाही. बाळाच्या रक्षणासाठीच ती आहे.

दुसरी अडचण माहेर-सासरची. मूल आजोळी जन्मते, रुग्णालयाच्या वहीत पत्ता आजोळचा असतो, आणि तपासणीच्या सुमारास आई सासरी गेलेली असते. मग दूरध्वनी एकीकडे व बाळ दुसरीकडे, असे होते. म्हणून दोन्ही घरांचे पत्ते व क्रमांक रुग्णालयात लिहून द्यावेत, आणि तपासणीचा कागद बाळासोबत पाठवावा.

प्रत्यक्ष तपासणीची भीती बाळगू नये. प्रथम बाहुली मोठी करण्यासाठी डोळ्यांत थेंब घालतात. तपासणीपूर्वी सुमारे तासभर बाळास पाजू नये, असे सांगतात. मग बाळास दुपट्यात घट्ट गुंडाळून, डोळा बधिर करणारा थेंब घालून, पापण्या बारीक तारेच्या साधनाने उघड्या ठेवतात. डॉक्टर डोक्यावर दिवा बांधून व हातात भिंग धरून आतील पडदा पाहतात. काही मिनिटांचे काम असते. बाळ रडते, पापण्या थोड्या सुजतात, पण ती सूज लवकर ओसरते. आमची कन्या त्या वेळी दाराबाहेर डोळे मिटून उभी होती. तपासणी संपल्यावर तिने मुलीस पाजावयास घेतले आणि मुलगी लागलीच झोपी गेली.

एकच तपासणी पुरत नाही, हेही ध्यानी घ्यावे. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या अशी खात्री होईतो दर एक, दोन किंवा तीन आठवड्यांनी बोलावितात. पुष्कळ बालकांत विकार सौम्य असतो आणि आपोआप मावळतो. ज्यांच्यात तो वाढतो त्यांच्यासाठी लेसर किरणांचा उपचार आहे, किंवा डोळ्यात औषधाचे इंजेक्शन देतात. वेळेत केलेल्या उपचाराने बहुतेक बालकांची दृष्टी राखता येते. मात्र निर्णय झाल्यावर दोन-तीन दिवसांहून अधिक विलंब चालत नाही. मुहूर्त, वार, अमावास्या पाहत बसू नये. पुढेही चष्म्याचा नंबर किंवा तिरळेपणा येण्याचा संभव असल्याने दरवर्षी डोळे दाखवावेत.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे. म्हणून जिल्हा रुग्णालयात अवश्य चौकशी करावी. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयातील डॉ. आनंद विनेकर यांच्या पुढाकाराने शिकविलेले तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन खास कॅमेऱ्याने दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात, आणि तज्ज्ञ ती दुरून पाहून निदान करतात. जेथे तज्ज्ञ नाही तेथे हाच मार्ग उपयोगी आहे.

न्यायालयानेही या तपासणीचे महत्त्व ओळखले आहे. १९९६ साली चेन्नईत २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या, १२५० ग्रॅम वजनाच्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही आणि ती अंध झाली. तिच्या पित्याने वर्षानुवर्षे दाद मागितली. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देवविली. तेव्हा मुलगी अठरा वर्षांची होती. न्याय मिळाला, परंतु तपासणीच्या त्या काही मिनिटांची किंमत कोणतीही भरपाई भरून काढू शकत नाही.

आपले मंडळ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देते, गुणवंतांचा सत्कार करते, वधूवरांच्या याद्या छापते. या सत्कार्यांत आमची एक अल्प सूचना आहे. ज्या घरी अकाली बाळ जन्मेल त्या घराने मंडळास कळवावे, आणि मंडळाच्या एका स्वयंसेवकाने विसाव्या दिवशी त्या घरी जाऊन केवळ एवढेच विचारावे, “डोळे दाखविले का?” गाडीभाड्याची अडचण असेल तर ती मंडळाच्या निधीतून भागवावी. शहरातील ज्ञातिबांधवांनी परगावच्या बाळंतिणीस एक रात्र आपल्या घरी जागा द्यावी. एवढे आपल्या शक्तीबाहेरचे नाही.

आणि येथे जमलेल्या आजी-आजोबांस आमची हात जोडून विनंती आहे. घरात अजून आपला शब्द चालतो. ‘थांबा’ म्हणणारे बहुधा आपणच असतो. आमच्या त्या दोन शब्दांनी, ‘पंधरा दिवसांनी’ या शब्दांनी, एका मुलीचे आयुष्य अंधारले असते. आपला शब्द ‘निघा’ असा होऊ द्या.

आमची नात आज जाड भिंगाचा चष्मा लावून शाळेत जाते. गेल्या वर्षीची आपली स्मरणिका तिने आमच्या मांडीवर बसून चाळली, आणि देणगीदारांच्या यादीतील नावे बोट ठेवून एकेक मोठ्याने वाचली. बारीक टाइपामुळे ती दोनदा अडखळली. एरवी आम्ही चूक लागलीच सुधारतो. त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही, नुसते ऐकत राहिलो.